पिल्लाची हगवण, ओव्याची पुडी आणि अँटिबायोटिकचा प्रश्न

डुकराच्या पिल्लांच्या पोटाबद्दल इथे लेख का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. कारण साधं आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडे कागदपत्रांसाठी येणाऱ्या तरुणांच्या पिशवीत शिष्यवृत्ती आणि जात पडताळणीच्या फायलींबरोबर एक नवी फाईल दिसू लागली आहे : वराहपालनाचा प्रकल्प अहवाल. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या 2021 पासूनच्या सुधारित योजनेत वराहपालनाला 50 टक्के भांडवली अनुदान आहे, मोठ्या प्रकल्पाला कमाल 30 लाखांपर्यंत. उरलेली रक्कम बँकेचं कर्ज आणि घरातलं किडूकमिडूक. ही मुलं शिकलेली आहेत, नोकरीची वाट पाहून थकलेली आहेत. आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा धंदा एकाच ठिकाणी अडखळतो : पिल्लं आईच्या दुधावरून तोडल्यानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत.

मागच्या पावसाळ्यात अशाच एका मुलाचा पहाटे फोन आला. बीएस्सी झालेला, दहा माद्यांचं शेड टाकलेलं. "ताई, रात्रीत अजून तीन गेली." आम्ही पशुवैद्य नाही, समाजकार्याची माणसं. तरी गेलो. पिल्लांचं मागचं अंग पिवळ्या पाण्याने माखलेलं, डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली तर जागेवर परत जात नव्हती. 28 दिवसांची झाल्यावर त्याने ती आईपासून वेगळी केली होती, कारण मोबाईलवरच्या व्हिडिओत तसं सांगितलं होतं. पाचव्या दिवशी हगवण सुरू झाली. तालुक्याच्या दुकानदाराने आधी "शंभर टक्के आयुर्वेदिक" अशी ओव्याच्या वासाची पुडी दिली. ती चालली नाही म्हणून तीन दिवसांनी अँटिबायोटिकची पुडी दिली. दोन्ही पुड्यांवर प्रमाण नीट लिहिलेलं नव्हतं. पशुवैद्यकीय दवाखाना नऊ किलोमीटरवर होता, आणि तिथून उत्तर आलं होतं की डुकरांसाठी यायला गाडी नाही.

त्या दिवसानंतर आम्ही या विषयावर जमेल तेवढं वाचलं, पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या शिक्षकांशी बोललो. जे कळलं ते इथे मांडतो आहोत.

आतड्यात नेमकं काय होतं

डुकराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईकडून आलेली रोगप्रतिकारक द्रव्यं जवळपास नसतात. माणसाच्या बाळाला ती गर्भातच नाळेवाटे मिळतात, डुकराच्या वारेतून ती पार होत नाहीत. ती मिळतात फक्त चिकातून, आणि तीही पहिल्या दिवसभरात. त्यानंतर आतड्याची दारं बंद होतात आणि कितीही चीक पाजला तरी ती द्रव्यं रक्तात उतरत नाहीत. म्हणून बारक्या पिल्लाला पहिल्या काही तासांत धरून सडाला लावणं हे पुढच्या सगळ्या औषधांपेक्षा मोठं काम आहे. पुढे जोवर पिल्लू पितं आहे तोवर दुधातली द्रव्यं आतड्याच्या आतल्या अंगाला जणू लेप देत राहतात. मादी साधारण तासाभराने पाजते, म्हणजे दिवसातून वीसएक वेळा.

मोकळ्या वातावरणात डुक्कर आपली पिल्लं हळूहळू, तीन-चार महिन्यांत दुधावरून तोडते. धंद्यात आपण ते एका दिवसात करतो. कारण हिशेबाचं आहे : पिल्लं तोडली की मादी चार ते सात दिवसांत पुन्हा माजावर येते. गाभणकाळ 114 दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. जितकं लवकर तोडू तितकी वर्षाला जास्त वेतं.

त्या एका दिवसात पिल्लाचं सगळं जग बदलतं. आई गेली. दूध गेलं. दुसऱ्या वेताची अनोळखी पिल्लं शेजारी आली, मारामाऱ्या सुरू झाल्या. समोर कोरडा भरडा आला, ज्याचा वासही ओळखीचा नाही. काही पिल्लं तासाभरात तोंड लावतात, काही दोन-दोन दिवस उपाशी राहतात. आणि उपाशी आतडं लगेच झिजायला लागतं.

छोट्या आतड्याच्या आतून मखमलीच्या कापडासारखे बारीक धागे उभे असतात. मराठी पुस्तकांत त्यांना रसांकुर म्हणतात. अन्न शोषणारा पृष्ठभाग तो हाच. तीन आठवड्यांच्या पिल्लांवर 1980च्या दशकात झालेल्या अभ्यासात दिसलं की दूध तोडल्यावर पाचव्या दिवसापर्यंत हे रसांकुर उंचीने जवळपास निम्मे होतात. मखमल घासून गोणपाट व्हावं तसं. त्याच वेळी जठरातली आंबटता कमी पडते. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या पोटात दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं आणि तेच वाईट जंतूंना रोखतं. दूध थांबलं की हे आम्ल कमी होतं, आणि पिल्लाचं स्वतःचं जठराम्ल अजून पुरेसं तयार होत नसतं.

आता या पोटात आपण सोयाबीनची पेंड भरपूर घातलेला, 22-23 टक्के प्रथिनांचा खुराक टाकतो, लवकर वाढावं म्हणून. अर्धवट पचलेली प्रथिनं पुढे मोठ्या आतड्यात जातात, तिथे सडतात, अमोनिया तयार होतो. अशा जागी ई. कोलाय जिवाणूच्या काही विशिष्ट जाती माजतात. त्यांच्या अंगावर चिकटायला केसासारखे आकडे असतात. शास्त्रज्ञ त्यांना एफ-4 आणि एफ-18 अशी नावं देतात. त्या आकड्यांनी ते आतड्याच्या भिंतीला पकडतात आणि विष सोडतात. त्यातलं एक विष पटकीच्या जंतूच्या विषाचं सख्खं भावंड आहे. ते भिंत फोडत नाही, पेशींना फक्त चुकीचा हुकूम देतं : पाणी बाहेर सोडा. पिल्लू जंतूने कमी आणि पाणी संपल्याने जास्त मरतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली तेव्हा सलाईनच्या बाटल्या संपल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात घालून तोंडाने पाजायला सुरुवात केली आणि हजारो जीव वाचवले. पटकीच्या विषाने पाणी सुटत असलं तरी ग्लुकोज आणि मीठ एकत्र शोषणारी वाट आतड्यात उघडीच राहते, हे त्यामागचं शास्त्र. पिल्लाच्या आतड्यातही तीच वाट आहे. त्या मुलाच्या शेडमध्ये तीन दिवसांत कुणी पिल्लांना जलसंजीवनीचं पाणी पाजलं नव्हतं. पुड्या मात्र दोन आल्या होत्या.

पुडी आली कुठून

हा प्रश्न एका शेडचा नाही. जगभरच्या डुक्कर उद्योगाने हे पंधरा दिवस अनेक दशकं अँटिबायोटिकच्या आधाराने काढले. 1940च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत टॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांना कोंबड्यांच्या पिल्लांत दिसलं की क्लोरटेट्रासायक्लीन बनवताना उरणारा चोथा खाद्यात घातला की वाढ जलद होते. मग डुकरांच्या खाद्यात अँटिबायोटिक रोजच्या मिठासारखं पडायला लागलं. आजारी जनावराला औषध म्हणून नाही, निरोगी जनावराला वजनासाठी. ब्रिटनमध्ये 1969 साली स्वान समितीने यावर धोक्याची घंटा वाजवली. स्वीडनने 1986 मध्ये वाढीसाठी अँटिबायोटिक वापरणं बंद केलं. तिथे लगेच पिल्लांची हगवण वाढली. मग त्यांना शेडची रचना, दूध तोडण्याचं वय, खाद्य, सगळं बदलावं लागलं आणि त्याला वर्षं लागली. डेन्मार्क त्यांच्यामागून गेला, आणि 1 जानेवारी 2006 पासून संपूर्ण युरोपीय संघात ही बंदी आली. तिथे पिल्लू 28 दिवसांआधी तोडायला कायद्याने मनाई आहे, वेगळी स्वच्छ व्यवस्था असेल तर 21 दिवसांपर्यंत सूट.

पण मधल्या काळात उद्योगाने दुसरी काठी शोधली होती, झिंक ऑक्साइडची. खाद्यात साधारण 2500 पीपीएम, म्हणजे टनामागे अडीच किलो. हगवण खरोखरच थांबायची. मात्र एवढं जस्त पिल्लाच्या अंगी लागत नाही, ते शेणातून शेतात जातं आणि जमिनीत साठतं. शिवाय जस्त सोसणारे जिवाणू अनेकदा अँटिबायोटिकही सोसतात, त्यामुळे प्रतिरोध वाढतो. जून 2022 पासून युरोपात तेही बंद झालं. आता पिल्लांच्या खाद्यात एकूण जस्त किलोमागे 150 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. चीनने 2020च्या जुलैपासून खाद्यात वाढीसाठी अँटिबायोटिक मिसळणं थांबवलं.

दोन काठ्या काढून घेतल्यावर बाजार तिसरीकडे वळला. ओरेगॅनो, थाइम, दालचिनी, लसूण, हळद, मिरची यांचे अर्क. त्यांना वनस्पतिजन्य खाद्यपूरक म्हणतात. आपल्या तालुक्याच्या दुकानातली "आयुर्वेदिक" पुडी ही त्याच जागतिक लाटेचं गल्लीतलं रूप आहे. तिला आयुर्वेद म्हटलं की प्रश्न विचारायची सोय राहत नाही, एवढाच फरक.

वनस्पती काय करतात, काय करत नाहीत

ओव्याचा जो तिखट वास येतो तो मुख्यतः थायमॉल या द्रव्याचा. ओरेगॅनोत त्याचं जुळं भावंड असतं, कार्व्हाक्रॉल. ही द्रव्यं तेलकट असतात. ती जिवाणूच्या चरबीच्या पडद्यात घुसतात, पडदा गळका करतात, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि जिवाणू मरतो. हे प्रयोगशाळेत अगदी स्वच्छ दिसतं, त्यात शंका नाही. पण प्रयोगशाळेत त्यासाठी लिटरमागे काहीशे मिलिग्रॅम लागतात. खाद्यात साधारणपणे किलोमागे शंभरच्या आसपास घालतात, कारण त्याहून जास्त झालं की वासानेच पिल्लू तोंड फिरवतं. डुकराचं नाक आपल्यापेक्षा फार तेज असतं. त्यात आणखी एक अडचण. थायमॉल, कार्व्हाक्रॉल, दालचिनीतलं द्रव्य, लवंगेतलं युजेनॉल ही सगळी जठरात आणि छोट्या आतड्याच्या सुरुवातीलाच शोषली जातात. जिथे जंतूंचा मुक्काम असतो त्या खालच्या आतड्यापर्यंत फारच थोडं पोचतं. म्हणून कंपन्या त्यावर चरबीचं कवच चढवतात, ते हळूहळू विरघळतं आणि औषध पुढे जातं. असं कवच असलेलं पूरक आणि उघडी भुकटी यांत फार फरक आहे. पुडी विकत घेताना विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच.

त्या मुलाने पुडी संपल्यावर घरचा ओवा दळून 100 किलो खाद्यात एक मूठ घातला होता. आम्ही हिशेब करून पाहिला. ओव्यात दोन ते चार टक्के तेल, त्या तेलात ढोबळमानाने निम्मं थायमॉल. म्हणजे एक किलो ओव्यातून 10 ते 20 ग्रॅम. किलोला शंभर मिलिग्रॅम धरलं तर 100 किलो खाद्याला थायमॉल लागतं 10 ग्रॅम, म्हणजे अर्धा ते एक किलो ओवा. त्याची मूठ होती पन्नासएक ग्रॅमची. दहावीसपट कमी. आता कुणी म्हणेल की मग एक किलो घालू. घालता येईल, पण ओव्यातलं तेल जात, जमीन, साठवण यांवर बदलतं, दळून ठेवला तर उडून जातं, आणि कवच नसल्याने मोठा भाग जठरातच शोषला जातो. पिल्लं खाद्य कमी खायला लागली तर उपाशी आतड्याचं दुखणं आणखी वाढेल. घरचा ओवा म्हणजे विष नव्हे, पण त्याच्यावर पिल्लांचा जीव टांगून ठेवू नये.

तरीही वनस्पतींना आम्ही थोतांड म्हणणार नाही. 2013 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दूध तोडलेल्या पिल्लांना मुद्दाम एफ-18 ई. कोलाय पाजले आणि खाद्यात मिरचीचा, लसणाचा किंवा हळदीचा अर्क घातला. प्रमाण किलोमागे फक्त 10 मिलिग्रॅम, म्हणजे 100 किलो खाद्यात एक ग्रॅम. तिन्ही अर्कांनी हगवण कमी झाली. एवढ्या थोड्या मात्रेने जंतू मरत नसतात. झालं असं की आतड्यातला दाह आटोक्यात राहिला, भिंत सावरली. म्हणजे वनस्पती इथे जंतूची मारेकरी नसून पिल्लाच्या शरीराची साथीदार आहे. तिच्याकडून मारेकऱ्याचं काम मागितलं की निराशा होते, आणि निराश झालेला माणूस अँटिबायोटिककडे वळतो. त्या मुलाच्या बाबतीत हेच घडलं.

याच रांगेत एक गोष्ट अशी आहे जिची कुणी जाहिरात करत नाही, कारण तिच्यात नफा नाही. गव्हाचा कोंडा. स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठातल्या संशोधकांनी पिल्लांच्या खाद्यात 4 टक्के जाडसर कोंडा घातला तेव्हा हगवण आणि आतड्याला चिकटणारे ई. कोलाय दोन्ही कमी झाले. जाडसर या शब्दाला महत्त्व आहे, बारीक दळला तर परिणाम उतरतो. जंतूंचे आकडे भिंतीऐवजी कोंड्याला अडकतात आणि बाहेर पडतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. गिरणीच्या मागे पोत्यात मिळणारी वस्तू. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांनी दुसरी स्वस्त गोष्ट दाखवली : दूध तोडल्यावर किमान पहिले सात दिवस प्रथिनं कमी, 17-18 टक्क्यांच्या आसपास ठेवा, लायसिनसारखी अमिनो आम्लं वेगळी द्या, मग वाढवा. सडायला प्रथिनंच कमी राहिली की जंतूंची मेजवानी संपते. स्वित्झर्लंडमध्ये चेस्टनटच्या लाकडातलं तुरट टॅनिन वापरून हगवण कमी झाल्याचं दिसलं आहे. टॅनिनवाल्या झाडांची आपल्याकडेही कमी नाही, हिरडा आहे, बाभूळ आहे. पण टॅनिन जास्त झालं तर ते प्रथिनांनाच बांधून ठेवतं आणि वाढ खुंटते. म्हणून हे घरी करून पाहण्यासारखं नाही.

युरोपचा अनुभवही डोळ्यांसमोर ठेवावा. जस्त बंद झाल्यावर डेन्मार्कसारख्या शिस्तीच्या देशातही पिल्लांच्या हगवणीसाठी निओमायसिनचा वापर वाढला. तिथे प्रयोगशाळा आहेत, प्रत्येक शेडला ठरलेला पशुवैद्य आहे, वनस्पतींचे अर्क तर बाजारात मुबलक आहेत. तरीही हे झालं. एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू ठेवून हा प्रश्न सुटत नाही.

आपल्या शेडमध्ये मग काय

युरोपातले 28 दिवस हे गरम, कोरड्या, मोजून-मापून चालवलेल्या शेडचे दिवस आहेत. आपल्याकडच्या पुस्तिका बहुधा सहा ते आठ आठवडे सांगतात आणि पहिल्यांदा धंद्यात उतरणाऱ्याने तेच धरावं. वर्षाला वेत थोडं कमी येईल, पण पिल्लं हातात राहतील. पिल्लू पंधरा दिवसांचं झालं की आईजवळ असतानाच रोज ताजं, मूठभर कोरडं खाद्य समोर ठेवायला लागावं. त्यातलं बरंचसं ते उधळतं, उधळू द्यावं, वास तर ओळखीचा होतो. तोडायच्या दिवशी पिल्लाला हलवू नका, आईला हलवा. त्याच जागेत, त्याच भावंडांत पिल्लू राहिलं तर मारामारी आणि भीती निम्मी होते. पहिल्या आठवड्यात जमीन कोरडी आणि ऊब 28 अंशांच्या आसपास हवी. पावसाळ्यात ओल्या सिमेंटवर झोपलेलं पिल्लू कोणत्याही पुडीने वाचत नाही. स्वच्छ पाणी चोवीस तास. आणि पहिल्या पातळ जुलाबालाच जलसंजीवनी, दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता.

हॉटेलच्या खरकट्याबद्दल वेगळं बोलावं लागेल. आपल्याकडची बहुतेक छोटी शेडं त्यावरच चालतात, कारण मका आणि पेंड परवडत नाही. मोठ्या डुकरांना ते नीट उकळून द्यावं, नुकत्याच तोडलेल्या पिल्लांना अजिबात देऊ नये. त्यातलं तेल, मीठ, मसाला आणि आंबलेपण झिजलेल्या आतड्याला झेपत नाही. शिवाय 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलातून आफ्रिकन स्वाइन फीवर देशात शिरला आहे आणि कच्च्या खरकट्यातून, त्यातल्या डुकराच्या मांसाच्या तुकड्यांतून, तो पसरतो. त्यावर इलाज नाही. कुणी ओवा, हळद, गोमूत्र दाखवून त्यावर उपाय आहे म्हणालं तर त्याला शेडमध्ये येऊ देऊ नका.

एवढं सगळं जागेवर असेल, तर मग कवच असलेलं, लेबलवर घटक आणि प्रमाण लिहिलेलं वनस्पतिजन्य पूरक पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी घ्यायला हरकत नाही. निम्म्या पिल्लांना द्या, निम्म्यांना देऊ नका, रोजचे जुलाब आणि दर आठवड्याचं वजन वहीत लिहा. बीएस्सी झालेल्या मुलाला हे जमतं. दुकानदाराच्या सांगण्यापेक्षा ती वही जास्त खरी.

हे फक्त डुकरांचं नाही

आता त्या दुसऱ्या पुडीकडे येऊ. नोव्हेंबर 2015 मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी डुकरांमधल्या ई. कोलायमध्ये एमसीआर-1 नावाचं जनुक सापडल्याचं जाहीर केलं. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक त्या जंतूंवर चालेनासं झालं होतं. कोलिस्टिन म्हणजे दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात सगळं हरल्यावर काढायचं शेवटचं औषध. आणि हे जनुक एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारू शकणारं होतं. भारत सरकारने जुलै 2019 मध्ये खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, कोंबड्यांत आणि त्यांच्या खाद्यपूरकांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. बंदी कागदावर आहे हे चांगलंच आहे. पण लेबल नसलेल्या पुडीत काय आहे हे कोण तपासणार?

शेडचं पाणी नाल्याला जातं, नाला वस्तीतून जातो. प्रतिरोधक जंतूंशी पहिली गाठ पडते ती शेडमध्ये अनवाणी काम करणाऱ्या पोरांची, नाल्याकाठी राहणाऱ्यांची, हाताने गटार उपसणाऱ्यांची. त्यातला कुणी उद्या सरकारी दवाखान्यात लघवीच्या साध्या संसर्गाने भरती होईल आणि नेहमीचं इंजेक्शन लागू पडणार नाही. वरचं महागडं इंजेक्शन त्याला परवडणार नाही. अँटिबायोटिकचा फायदा एका शेडला काही दिवस मिळतो, त्याची किंमत मात्र आपल्याच वस्तीतून वसूल होते.

आमच्यातल्याच काही ज्येष्ठांनी विचारलं की मेलेली गुरं ओढणं सोडा असं सांगणाऱ्या बाबासाहेबांचं नाव घेता आणि पोरांना डुकरं पाळायला लावता? आम्ही कुणाला लावत नाही. गावकीने जन्मावरून लादलेलं, मोबदला नसलेलं काम आणि स्वतः निवडलेला, कर्जाच्या हप्त्याचा आणि नफ्यातोट्याचा धंदा यांत आम्हाला फरक दिसतो. पण त्या प्रश्नातला खरा भाग आम्ही नाकारत नाही. डुक्कर या शब्दाला चिकटलेली जात अजून सुटलेली नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त कैकाडी कुटुंबाला गावासमोर डुक्कर पकडावं लागतं तेव्हा गाव हसतं. ते हसू सरकारी यंत्रणेतही असतं, फक्त ऐकू येत नाही. गाय आजारी पडली तर दवाखान्याची गाडी निघते, डुक्कर आजारी पडलं तर गाडी नसते. 2019च्या पशुगणनेत देशात 90 लाखांच्या आसपास डुकरं मोजली गेली, त्यातली जवळपास निम्मी ईशान्य भारतात. संशोधन आहे ते मुख्यतः तिकडे, गुवाहाटीजवळ राणी इथल्या राष्ट्रीय वराह संशोधन केंद्रात. महाराष्ट्रात डुकरं कमी आणि ती पाळणारे समाज आवाज नसलेले. म्हणून तालुक्याच्या दवाखान्याची जागा पुडीवाल्या दुकानदाराने घेतली आहे.

कार्यकर्त्यांनी हातात घ्यायचं काम इथे आहे. अनुदान मंजूर करणाऱ्या कार्यालयाकडे प्रत्येक प्रकल्पामागे पशुवैद्याच्या ठरलेल्या भेटी लेखी मागा. हगवणीच्या नमुन्याची तपासणी जिल्ह्याला कुठे होते ते माहिती अधिकारात विचारा, कारण कोणता जंतू आहे आणि कोणतं औषध लागू पडतं हे तपासल्याशिवाय दिलेलं अँटिबायोटिक म्हणजे अंधारात मारलेला दगड. पशुवैद्यकीय महाविद्यालयं आपल्याच करातून चालतात, तिथे आपली मुलंही आता शिकतात. त्यांना शेडवर बोलवा.

तो मुलगा अजून धंद्यात आहे. पुढच्या वेताला त्याने पिल्लं 45 दिवसांवर तोडली, आईला हलवलं, खाद्यात जाडा कोंडा घातला, आणि शेडच्या कोपऱ्यात जलसंजीवनीची पाकिटं टांगून ठेवली. दोन पिल्लांना हगवण लागली, दोन्ही उठली. पुडी त्याने आणली नाही. पशुवैद्याच्या भेटीचा अर्ज आम्ही मिळून केला आहे. पोचपावतीवर शिक्का आहे, गाडी अजून आलेली नाही.